केबल तीच, नड ज्याची त्याची

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. 'इंटरनेटमुळे जगातले समाज एकसारखे होत चालले आहेत का?' हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय. तुम्ही दूरसंचारात इतकी वर्षं काढलीत, परदेशांतही राहिलात. तुम्हाला प्रत्यक्षात काय दिसलं?"

आधीच सांगते, मी समाजशास्त्रातली नव्हे. माझी सव्वीस वर्षं जाळी टाकण्यात आणि तुटलेली जोडण्यात गेली. सुरुवात मुंबईत झाली. मग २००८ च्या एप्रिलपासून चार वर्षं नैरोबीत होते आणि २०१४ पासून तीन वर्षं यांगूनमध्ये टॉवर आणि फायबरच्या कामावर. त्यामुळे केनिया आणि म्यानमारबद्दल सविस्तर लिहीन. बाकीच्या देशांबद्दल आमच्या धंद्यात जे माहीत असावं लागतं तेवढंच.

माझ्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. समुद्राखालची केबल एकाच जातीची असते, यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम (प्रोटोकॉल) तेच, फोन तर एकाच कारखान्यातून आलेले. पण इंटरनेट एखाद्या समाजात शिरतं ते तिथे लोकांचं ज्या गोष्टीवाचून अडलेलं असतं तिथून. कुठे पैसे पाठवायची सोय नसते, कुठे खऱ्या बातम्या मिळत नसतात, कुठे सरकारी कचेरी शंभर किलोमीटरवर असते. त्या नडीला जे पहिलं उत्तर मिळतं, त्याचा वळसा पुढे बरीच वर्षं सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते कुठल्या मापाने विकलं गेलं: तासावर, एमबीवर की महिन्यावर.

मापापासूनच सुरू करते, कारण अभ्यासकांची नजर तिकडे फारशी जात नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ते तासांवर मिळायचं आणि टेलिफोनचं बिल वेगळं. म्हणून आम्ही पत्रं आधी टाइप करून ठेवायचो, मोडेमची किरकिर ऐकत जोडणी करायचो, सगळं धाडायचो आणि लगेच तोडायचो. इंटरनेट म्हणजे कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन येणं. मोबाइल आले तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि 'पोचलास की मिस कॉल दे' हे वाक्य घराघरांत गेलं. मिस कॉल कोणी कोणाला द्यायचा याचे न लिहिलेले नियमही आपोआप ठरले. मुलाने बापाला दिला तर चालतो, जावयाने सासऱ्याला दिला तर तो कंजूष, आणि साहेबाला देण्याची तर प्राज्ञाच नाही. नैरोबीत गेले तर तिथे हाच प्रकार 'फ्लॅश करणं' म्हणून चालू होता आणि नियमही जवळजवळ हेच. मुंबईने नैरोबीचं पाहिलं नव्हतं, नैरोबीने मुंबईचं नाही. कॉलचे पैसे आकारायची रीत सारखी होती, म्हणून सवयी सारख्या झाल्या. तुमच्या मुलीला दोन समाजांत साम्य दिसलं तर 'जागतिकीकरण' म्हणण्याआधी तिने दरपत्रक बघावं.

याच्या अगदी उलट टोकाला दक्षिण कोरिया. तिथली बहुसंख्य शहरी माणसं उंच इमारतींत राहतात. एका इमारतीच्या तळघरात फायबर आणलं की शेकडो घरं झाली. आमच्या धंद्यात सगळ्यांत महाग असतो तो घरापर्यंत पोचायचा शेवटचा टप्पा, आणि त्यांच्याकडे तोच सगळ्यांत स्वस्त. १९९८-९९ पासून महिन्याच्या ठरावीक पैशांत हवं तेवढं ब्रॉडबँड मिळू लागलं. त्याच्या जरा आधी, १९९७ मध्ये, आर्थिक संकटात असंख्य नोकऱ्या गेल्या होत्या. हातात थोडे पैसे असलेल्या बऱ्याच जणांनी संगणकांची दुकानं काढली. त्यांना 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. १९९८ ला स्टारक्राफ्ट हा खेळ आला आणि या खोल्या भरून वाहू लागल्या. मोजायला मीटर नाही, घरी अभ्यासाचा तगादा, बाहेर तासाला किरकोळ पैशांत मित्रांबरोबर बसायला जागा. तिथे खेळ बघायला प्रेक्षक जमू लागले आणि खेळांसाठी खास टीव्ही वाहिन्या निघाल्या, त्या यातूनच. मग सरकारही मध्ये पडलं. सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळबंदी हा कायदा २०११ मध्ये आला आणि २०२२ च्या जानेवारीत गेला. मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीशिवाय लिहू नये असा नियम २००७ पासून होता. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळावरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि पुढच्या वर्षी घटना न्यायालयाने तो नियम रद्द केला. लोकांची नावं गोळा करून ठेवली की ती चोरीला जाणार, हे कुठलाही तंत्रज्ञ सांगू शकला असता. पण कायदे करताना आम्हाला विचारतो कोण!

आता केनिया. इथे जरा बसू या.

मी पोचले तेव्हा केनियाच्या किनाऱ्यावर फायबरची एकही समुद्री केबल उतरली नव्हती. सगळं उपग्रहावरून यायचं, महाग आणि संथ. मोंबासाला केबली उतरल्या त्या २००९ मध्ये. पण समाज बदलायला सुरुवात आधीच झाली होती, आणि तीही इंटरनेटशिवाय. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे धाडायची सोय, आणली होती. ते साध्या बटणांच्या फोनवर, सिमकार्डातल्या मेनूतून चालतं. कोपऱ्यावरच्या टपरीतल्या एजंटला रोख द्यायची, ती तुमच्या फोनच्या खात्यात दिसते, पिन दाबून दुसऱ्याला पाठवायची, आणि तो त्याच्या गावच्या एजंटकडून रोख घेतो. प्रत्यक्ष पैसा बँकांमधल्या विश्वस्त खात्यात पडून असतो. गंमत म्हणजे चाचणी घेतली होती ती छोट्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी. लोक ती सोय वापरून एकमेकांना पैसे धाडायला लागले, तेव्हा कंपनीनेही धोरण बदललं आणि 'घरी पैसे पाठवा' हीच जाहिरात केली. त्याआधी लोक रिचार्जचे आकडे एसएमएसने पाठवून त्यांचा पैशासारखा वापर करतच होते. म्हणजे वाट लोकांनी पाडलेली होती, कंपनीने नंतर तिच्यावर डांबर टाकलं.

आमच्याकडे कामाला येणारी बाई पश्चिम केनियातली, काकामेगाकडची. पूर्वी ती आईला पैसे पाठवायची ते पाकिटात घालून, गावाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती. पाकीट पोचायचं ते तिच्या नवऱ्याच्या घरी, कारण स्टँडवर जाणारा पुरुष तिथला. आईच्या हाती किती पडायचं ते तिला कधी नीट कळलं नाही. एम-पेसा आल्यावर आईला दोनशे मीटरवरच्या टपरीत रक्कम तिच्या नावावर मिळू लागली. आपण याला सोय म्हणतो. त्या घरात मात्र त्याला भांडण म्हणत होते, आणि ते वर्षभर चाललं.

मला सारखं आठवत होतं ते कोकण. मुंबईत गिरणीत राबणारा चाकरमानी आणि गावी मनीऑर्डरवर चालणारं घर. नड अगदी तीच. पण मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली खुशाली लिहायला चार ओळींची जागा असायची, आणि पोस्टमन ती वाचूनही दाखवायचा. एम-पेसाच्या एसएमएसमध्ये रक्कम, नाव आणि शिल्लक. नैरोबीतला ड्रायव्हर मला म्हणाला होता की आता बायको तक्रार करते: पैसे वेळेवर येतात, माणूस येत नाही. पूर्वी पैसे द्यायला म्हणून तो दोन महिन्यांनी घरी जायचा.

मग हेच आपल्याकडे का झालं नाही? व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आणलंही, पण २०१९ ला गाशा गुंडाळावा लागला. कारण नियमांत आहे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने टेलिफोन कंपनीला हे करू दिलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने पैशाचा व्यवहार बँकांच्या हातून सुटू दिला नाही. आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं ते बँकखात्यांवर बसलेलं, आणि कुठल्याही बँकेचं खातं कुठल्याही ॲपला जोडता येणारं. त्यांच्याकडे एका कंपनीचं राज्य पण गावातल्या म्हातारीपर्यंत पोच. आपल्याकडे कंपन्यांची चढाओढ पण हातात स्मार्टफोन नसेल तर आजही अडचण. बाहेरून दोन्ही 'मोबाइलवरून पैसे'. आतून एक टेलिफोन कंपनीने बांधलेलं, दुसरं बँकांनी.

याने केनियाचं भलं झालं का? तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला की एम-पेसामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं दारिद्र्यातून वर आली. मी पाहिलेल्यावरून मला तो पटतो. पण त्याच पाइपातून पुढे आणखीही काही वाहिलं. २०१२ च्या अखेरीस फोनवर झटपट कर्ज मिळू लागलं, मग कर्जाची ॲप आली, मग क्रिकेटवर नव्हे तर इंग्लंडमधल्या फुटबॉलवर सट्टा. पैसे खिशातून काढायला हात लागत नाहीत म्हटल्यावर ते हरायलाही लागत नाहीत.

आणि २०२४ चा जून. सरकारच्या वित्त विधेयकात पावावर कर होता, आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्यावरचा करही १५ वरून २० टक्के करायचा होता. विशीतल्या पोरांनी विधेयक स्थानिक भाषांत समजावून सांगितलं, एक्सवर हजारो लोक एकत्र ऐकतील अशा बैठका घेतल्या, खासदारांचे नंबर वाटले, आणि जखमींच्या उपचारांसाठी वर्गणी गोळा केली ती एम-पेसावर. २५ जूनला लोक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूटो यांनी विधेयक मागे घेतलं. बातम्यांत 'सोशल मीडियाची क्रांती' असं छापून आलं. मला तरी त्यात सतरा वर्षांची पैसे फिरवायची सवय दिसली. ज्या समाजात अनोळखी माणसालाही मिनिटात पन्नास शिलिंग धाडायची सवय आहे, तिथे आंदोलनाला पैशासाठी पक्षाच्या दारात जावं लागत नाही.

म्यानमारबद्दल लिहायला मला जड जातं, कारण तिथे जे झालं त्याच्या पायाभरणीत आम्हीही होतो.

१९६२ पासून लष्करी राजवट. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायची सक्ती ऑगस्ट २०१२ पर्यंत होती. खासगी दैनिकं निघाली ती एप्रिल २०१३ मध्ये. सिमकार्डाची किंमत एके काळी हजार डॉलरच्या वर होती. एप्रिल २०१३ मध्ये स्वस्त सिम निघालं तेव्हा त्यासाठी सोडत काढावी लागली. २०१४ मध्ये दोन परदेशी कंपन्या उतरल्या आणि सिम दीड डॉलरवर आलं. दोन-तीन वर्षांत जवळपास सगळा देश फोनवर आला, आणि थेट स्मार्टफोनवर. आम्ही टॉवरचे आकडे मोजत होतो आणि खरं सांगायचं तर फुशारलो होतो.

तिथली नड काय होती? बातमी. पन्नास वर्षं लोकांनी बातमी ऐकली ती चहाच्या दुकानात, कुजबुजत, शेजारच्या टेबलावर कोण बसलंय ते बघून. सरकार सांगेल ते खोटं आणि कानात सांगितलं जाईल ते खरं, ही त्यांची पारख होती, आणि तोवर ती बरोबरही होती. फेसबुक त्या खुर्चीत येऊन बसलं. फोन विकणारा दुकानदारच फेसबुकचं खातं उघडून द्यायचा, पासवर्डसकट. बहुतेकांसाठी फेसबुक हेच इंटरनेट होतं. ईमेल त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती मराठी माणसाला लगेच कळेल. मला आमच्या यांगूनच्या सहकाऱ्याचा पहिला बर्मी मजकूर आला तो लॅपटॉपवर नुसता चिखल दिसत होता. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली निमंत्रणपत्रिका ईमेलने पाठवली की जे व्हायचं, तसं. बर्मी लोक 'झॉजी' नावाचा फॉन्ट वापरत होते. आपल्या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावल्या होत्या, त्यामुळे हे युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक जागा देणारी जागतिक पद्धत) नाही हे निदान कळायचं. झॉजीने युनिकोडमधल्या बर्मीच्याच जागा वापरल्या, पण वेगळ्या पद्धतीने; शिवाय शान, मोन, करेन या भाषांच्या अक्षरांच्या जागाही त्यात गेल्या. म्हणजे यंत्राला मजकूर बर्मी वाटायचा आणि वाचता मात्र यायचा नाही, आणि अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत नीट लिहिताच यायचं नाही. द्वेषाचा मजकूर यंत्राने शोधायचा तर आधी तो वाचता यायला हवा. २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे आक्षेपार्ह मजकूर तपासणारी बर्मी जाणणारी माणसं दोन होती. देश अधिकृतपणे युनिकोडवर गेला ऑक्टोबर २०१९ मध्ये.

जुलै २०१४ मध्ये मंडालेत बलात्काराची खोटी बातमी फेसबुकवर फिरली, दंगल झाली, दोन माणसं मेली. ती सूचना होती. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्कराने राखाइन प्रांतात जे केलं त्यातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्याआधीची काही वर्षं त्यांच्याविरुद्ध फेसबुकवर विष पेरलं जात होतं, आणि त्यात लष्कराने चालवलेली बनावट पानंही होती. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने फेसबुकच्या भूमिकेवर ठपका ठेवला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीनेही मान्य केलं की आपण पुरेसं केलं नाही. रोहिंग्यांचा द्वेष इंटरनेटने निर्माण केला असं मी म्हणणार नाही. त्यांचं नागरिकत्व १९८२ च्या कायद्याने हिरावलं होतं, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. पण कानात सांगितलेलं खरं मानायची ती जुनी सवय आता एकाच वेळी लाखो कानांना लागू झाली.

हे दूरचं वाटत असेल तर धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. ही मर्यादा आज ब्राझीलमधला माणूसही पाळतो, तिचं मूळ इथे आहे. बाकी भटक्या माणसाकडे संशयाने बघायची रीत व्हॉट्सॲपच्या किती आधीची आहे ते आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये त्यावर कायदाच केला होता.

एस्टोनिया हे डिजिटल कारभाराचं सगळ्यांचं लाडकं उदाहरण, म्हणून थोडक्यात. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, विरळ वस्ती, १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलेला देश. कचेऱ्या उभ्या करायला पैसे नाहीत आणि मोडायला जुनी यंत्रणाही नाही. २००२ ला चिप असलेलं डिजिटल ओळखपत्र, २००५ ला देशभरातल्या निवडणुकीत ऑनलाइन मतदान, २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन. मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. ऑनलाइन मत कितीही वेळा देता येतं आणि शेवटचं धरतात. कोणी डोक्यावर उभं राहून मत घेतलंच, तर तो गेल्यावर बदलता येतं. २००७ मध्ये सोव्हिएत काळातलं एक स्मारक हलवण्यावरून त्यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला, २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला; तरी लोकांनी ते टाकलं नाही, कारण शेजारी रशिया असताना देश कागदावर ठेवणं त्यांना जास्त धोक्याचं वाटतं. हीच 'डिजिटल ओळख' आपल्याकडे आली ती रेशनच्या गळतीवर उपाय म्हणून. पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. एस्टोनियात नागरिक कार्डाने सही करतो आणि आपली माहिती कोणी उघडून पाहिली ते तपासतो. आपल्याकडे माणूस अंगठा टेकवून आपण आपणच आहोत हे सिद्ध करतो, आणि राबून रेषा झिजलेल्या असल्या की तेही होत नाही.

क्यूबात नड उलटी होती: माणसं शिकलेली, भूक मोठी, पण पाइपच नाही. तेव्हा त्यांनी इंटरनेट पायी चालवलं. 'एल पाकेते', म्हणजे पुडकं: दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटची हार्ड डिस्क, तिच्यात मालिका, सिनेमे, मासिकं, जाहिराती, ॲप. घरोघर फिरणारा माणूस हवं ते उतरवून देतो. हवानातल्या पोरांनी तर छपरांवरून केबली टाकून स्वतःचं जाळं उभारलं, इंटरनेटशी न जोडलेलं. राजकारण वर्ज्य, हा त्याचा नियम होता. २०१५ पासून बागांमध्ये तासावर वायफाय मिळू लागलं. फोनवर डेटा आला डिसेंबर २०१८ मध्ये, आणि ११ जुलै २०२१ ला एका गावातला मोर्चा थेट दिसला म्हणून त्याच दिवशी देशभर मोर्चे निघाले. सरकारने त्याच दिवशी इंटरनेट तोडायलाही सुरुवात केली. पुडक्याने इतक्या वर्षांत जे केलं नाही ते थेट प्रक्षेपणाने एका दुपारी केलं; कारण पुडकं आठवड्याने येतं, आणि आठवड्यात राग निवतो.

तोडण्याचंही सांगून ठेवते. देशात शिरणाऱ्या वाटा जितक्या कमी, तितकं बंद करणं सोपं. इजिप्तने जानेवारी २०११ मध्ये रात्रीतून जवळजवळ सगळा देश बंद केला, कारण बंद करायला सांगायच्या कंपन्या मोजक्याच होत्या. आपल्याकडे सगळा देश असा बंद करणं अवघड, म्हणून जिल्हावार बंद होतो. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला गेलेलं फोरजी फेब्रुवारी २०२१ ला परतलं. टोंगात तर सरकारनेही काही केलं नव्हतं. १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला आणि फिजीकडे जाणारी एकुलती एक केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले. परदेशातल्या नातलगांच्या पैशांवर जगणारा तो देश. सुरुवातीला कुटुंबं जिवंत आहेत की नाहीत हे ऑकलंडमधल्या टोंगन लोकांना कळेना, आणि मग पाठवलेले पैसे हाती पडेनात.

काही गोष्टी सगळीकडे सारख्या झाल्या आहेत हे मान्य. अंगठ्याने पडदा वर सरकवणं, जेवणाचा फोटो, कोल्हापुरातल्या पोरींना कोरियन मालिकांतले शब्द पाठ असणं. पण त्या कोरियन मालिका बघणाऱ्या पोरीचं लग्न ठरतं ते अजून मॅट्रिमोनी साइटवर, पोटजातीचा रकाना भरूनच. हे मी तिरकसपणे म्हणत नाही. लग्नाच्या बाबतीत आपली नड ती होती आणि तिला उत्तर तसं मिळालं.

मुलीसाठी एक सुचवण. जगाचा आढावा घेण्यात वर्ष घालवू नये. तालुक्याचं एक गाव निवडावं आणि रिचार्जच्या दुकानात आठ दिवस बसावं. कुठला पॅक जास्त जातो, घरात किती फोन आणि त्यातला डेटा कोणाच्या फोनवर, बायकांचं रिचार्ज कोण करतं, मजुरीचा वार कोणता आणि त्या दिवशी गर्दी होते का, हे लिहून घ्यावं. आपल्याकडे महिना अठ्ठावीस दिवसांचा करून कंपन्यांनी वर्षात तेरा रिचार्ज केले. तीस दिवसांचा निदान एक पॅक ठेवा असं २०२२ मध्ये ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, सांगावं लागलं. पगार तीस दिवसांनी आणि पॅक अठ्ठावीस दिवसांचा, तर मधले दोन दिवस त्या गावात कोणाचा फोन बंद असतो, तिथून तिने सुरुवात करावी.